पाचव्या बैलाचं शिंग

शुक्रवारी माणसानं झोपावं. कुवेतात, अब्बासियातल्या आमच्या खोलीत आम्ही सहा जण, आणि शुक्रवारी अकरापर्यंत सहाही जण ओंडक्यासारखे पडलेले असतात. उठवणारा शिव्या खातो. पण त्या शुक्रवारी मी पहाटेच उठून बसलो होतो. पाच वेळा बॅग उघडली, पाच वेळा बंद केली. शनिवारी दुपारी माझं विमान होतं आणि सोमवारी गावात आईचं वर्षश्राद्ध. तिकीट आणि सुट्टीचा कागद वरच्या कप्प्यात आहेत हे ठाऊक होतं, तरी हात पुन्हा पुन्हा तिकडे जात होता.

"काका, चेन तुटेल हो बॅगेची," सुशांत पांघरुणातून म्हणाला.

"तुटू दे. तुझ्या बापाची आहे?"

सुशांत सांगलीकडचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. आमच्याच कंपनीत पाट्या आणि लेबलं छापतो. पोरगा चांगला, पण शहाणपण फार. तो उठून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज तिकडे तोंड उघडायचं नाही. शपथ घ्या."

"शपथ कसली घालतोस मेल्या? मी काय चोरी केलीय?"

"चोरी परवडली असती, काका."

खरं बोलत होता. शिरा पडो त्याच्या तोंडार, पण खरं बोलत होता.

काय झालं ते सांगतो. मी लवू, सुतार. मूळ गाव मालवण तालुक्यात, कुवेतात अठरा वर्षं झाली. आमचं वर्कशॉप राई नावाच्या कारखान्यांच्या भागात आहे. मालक म्हातारा, सगळे त्याला बू जासिम म्हणतात, म्हणजे जासिमचा बाप. तरुणपणी तो शिकायला स्पेनला होता आणि तिथे त्याला बैलांच्या खेळाचं वेड लागलं. मग पुढं मीना अल-अहमदी बंदरावरच्या तेलाच्या कामात आयुष्य गेलं, धंदे वाढले, पण वेड काही सुटलं नाही. पन्नास वर्षं तिकडून कपडे, तलवारी, पोस्टरं आणि बैलांची मुंडकी जमवली. गेल्या वर्षी त्यानं ठरवलं की घराच्या तळघरात म्युझियम करायचं. झालं! आमच्या वर्कशॉपला दुसरं काम राहिलं नाही. तिथलं एकूण एक काचेचं कपाट मी केलंय. गोल वळणाचं मोठं कपाट तर दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं.

तेच वळण मला नडलं. आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच कपाटाला रंधा मारत होतो. जाफरकडे गेलो. जाफर आमचा फोरमन, हैदराबादचा. माणूस वाईट नाही, पण वरच्यांना फार घाबरतो. त्यानं माझा अर्ज वर पाठवला आणि तासाभरात तो परत आला. त्यावर लाल शाईची आडवी रेघ. 'काम झाल्यावर.' आईला अग्नी माझ्या चुलतभावानं दिला, दत्तप्रसादनं. मी तो फोनवर बघितला. मधेच नेटवर्क गेलं आणि परत आलं तेव्हा नुसता धूर दिसत होता. एकुलता एक मुलगा मी. म्हणून वर्षश्राद्ध चुकवायचं नाही, मग काहीही होवो. हा सुट्टीचा कागद मिळवायला मी जाफरच्या मागे चार महिने लागलो होतो.

आणि मग बुधवारी मी ते केलं.

मुंडकी सहा होती. पेंढा भरलेली, काळीभोर, एकेक हंड्याएवढी. चौथ्याला कानच नव्हते. मी जाफरला म्हटलं, उंदरांनी खाल्ले, पेटी परत पाठवा. तो म्हणाला, गप ठोक. पाचव्याला कान होते, पण उजव्या शिंगावर टोकापासून वीतभर काळपट तपकिरी पापुद्रा. दुसरा कुणी म्हणाला असता चिखल. मला एका नजरेत कळलं की रक्त आहे.

मला न कळून कसं चालेल? आमच्याकडे बैलांच्या झुंजी लागायच्या. आता बंदी आहे, आणि बरं झालं. माझ्या बापाचा बैल पोवळो अख्ख्या पंचक्रोशीत गाजलेला. बैल बैलाशी लढायचा. हरलेला शेपूट वर करून पळायचा, लोक हसायचे, आणि दोघेही संध्याकाळी आपापल्या गोठ्यात. बाप माणसांत बसून गजाली मारायचा. पोवळ्याकडे बघायची ती माझी आई, सीताबाई. आधी कोमट पाणी, मग खोबरेल. टोकापासून मुळापर्यंत शिंग चोळायची आणि पुटपुटायची, "शिंगार रगात सुकला काय जनावर जेवना नाय." शिंग स्वच्छ झाल्याशिवाय ती पोवळ्यापुढे पेंढी टाकायची नाही, आणि आमच्यापुढे ताटही यायचं नाही. हे काम मी लहानपणी शंभर वेळा तिच्या शेजारी बसून केलंय.

बुधवारी सगळे जेवायला गेले होते. मी एकटाच पाचव्याचं ब्रॅकेट आवळत होतो. आईनं पाठवलेली शेवटची खोबरेलाची बाटली माझ्या हत्यारांच्या पिशवीत असते. गावच्या घाण्यावरचं तेल. बाटली फुटू नये म्हणून तिनं तिला आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला होता, हिरवा, लाल काठाचा. दोन वर्षं मी ते तेल थेंब थेंब पुरवत होतो. त्या दिवशी डोकं काही बोललंच नाही, हातच कामाला लागले. चहाच्या किटलीतलं कोमट पाणी घेतलं, तुकडा भिजवला, पापुद्रा सोडवला, मग तेल चोळलं. शिंग आरशासारखं झालं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी सुशांतनं पितळी पाट्या आणल्या. मी स्क्रू मारत होतो आणि तो इंग्रजी वाचून मराठीत सांगत होता. पाचव्याची पाटी त्यानं मनातच वाचली.

"काय लिहिलंय?"

"या बैलानं राफाएल नावाच्या मॅटाडोरला, म्हणजे बैलाशी लढणाऱ्याला, मारलं. उजव्या शिंगावर त्याचं रक्त आहे. पन्नास वर्षं ते तसंच जपलंय." मग तो शिंगाकडे बघत राहिला. "काका, रक्त कुठाय?"

माझ्या हातातून स्क्रू खाली पडला तो पुन्हा सापडलाच नाही.

तर असा तो शुक्रवार. म्हाताऱ्यानं सगळ्या कामगारांना म्युझियम बघायला आणि मग जेवायला बोलावलं होतं. न जावं तर जाफर विचारणार. कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो. माझा उजवा पाय थांबेना. सुशांतनं गुडघ्यावर हात ठेवला, तर डावा हलायला लागला. माझ्या खिशात तो लुगड्याचा तुकडा होता. फेकवत नव्हता. आता त्याच्यावर माणसाचं रक्त आहे हे कळलं होतं, आणि मुळात तो आईचा. बॅगेत ठेवावा तर श्राद्धाला निघालेल्या बॅगेत परक्या मेलेल्या माणसाचं रक्त कसं न्यायचं?

"उद्या या वेळी तुम्ही विमानतळावर," सुशांत म्हणाला. "फक्त आजचा दिवस काढा."

तळघराच्या दारात रहिमा उभी होती. कडप्याची बाई, बू जासिमच्या घरात बारा वर्षं कामाला. म्युझियमच्या झाडपुशीचं काम तिच्याकडे दिलेलं. स्वच्छ धुतलेली ओढणी, हातात नवा पिसांचा झाडू. "आओ भैया, चप्पल उधर," ती मोठ्या ऐटीत म्हणाली. तळघर जणू तिचंच होतं.

बू जासिम काठी टेकत आला. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, हात थरथरता, डोळे मात्र लहान पोराचे. त्याचा बाप गलबतानं मुंबईला खजूर न्यायचा, म्हणून म्हाताऱ्याला जुनी मुंबईची हिंदी येते. सगळं स्वतः दाखवत निघाला. पहिल्या कपाटात सोन्याच्या जरीचा कोट आणि घट्ट चड्डी. मॅटाडोरचा पोशाख म्हणाला. आमच्यासाठी मॅटाडोर म्हणजे गावचा टेम्पो. मागचे दोघे तिघे खिदळले, जाफरनं डोळे वटारले.

पुढे रंगीत कागद लावलेले भाले. बैलाच्या मानेत खुपसायचे. मग घोड्यावरून मारायचा मोठा भाला. मग लाल फडकं आणि त्यामागे लपवायची तलवार. भिंतीवर जुनी फिल्म चालू होती, आवाजाशिवाय. मी बघत होतो आणि माझं डोकं तापत होतं. इतकी माणसं, वर घोडे, समोर बैल एकटा, आणि जिंकला काय हरला काय, बाहेर ओढतच नेणार. ही कसली झुंज? पोवळो हरला तरी घरी यायचा रे! पण म्हाताऱ्याकडे बघितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो सांगत होता, माणूस मरणासमोर पाय न हलवता कसा उभा राहतो ते मी तिथे शिकलो. त्याच्यावर धड रागावताही येईना.

आम्ही मुंडक्यांपाशी आलो. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथ्याचे कान कापून मॅटाडोरला बक्षीस देतात म्हणाला. जाफर माझ्याकडे बघून हसला. मला हसू येईना. माझी बोटं खिशात त्या तुकड्याला पीळ घालत होती.

"और ये," बू जासिम पाचव्यापुढे थांबला, "इसके वास्ते मैंने ये सब बनाया." राफाएल त्याचा मित्र होता म्हणे. त्याच्याच घरात हा भाड्यानं राहायचा, त्याच्या आईच्या हातचं जेवायचा. राफाएल मेला त्या रविवारी हा पहिल्या रांगेत बसलेला. हे सांगता सांगता म्हाताऱ्यानं हात वर केला, न बघताच, सवयीनं. उजव्या शिंगाला हात लावला. बोटं टोकापासून खाली फिरली. थांबली. त्यानं चष्मा चढवला.

 

"किसने साफ किया?"

सगळ्यांच्या माना रहिमाकडे वळल्या. झाडू तिच्या हातात होता ना!

"मैं नहीं, बाबा. खुदा की कसम. ऊपर हाथ नहीं जाता मेरा."

"तो कौन करेगा? सफाई किसका काम है?" जाफर ओरडला. मालकाआधी आपणच ओरडलो की बरं असतं, असं त्याचं गणित. "सामान बाँधो. इसको कल ही गाँव भेज दो, बाबा."

म्हातारा शिंगावर हात ठेवून उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता. त्यानं नुसती मान हलवली असती तरी बाई संपली असती. रहिमाच्या हातातला झाडू खाली पडला. सुशांतनं माझा दंड इतका घट्ट धरला की कळ आली. "काका, उद्या विमान," तो कानात म्हणाला. "काका, सोमवार."

सोमवार मलाही ठाऊक होता. वर्षभर मी दुसरं काय मोजलं होतं? डोळ्यांपुढे गावचं अंगण आलं, पाट मांडलेला, पिंड ठेवलेले, आणि पाटावर परत दत्तप्रसाद बसलेला. गप्प राहायला काही करावं लागत नव्हतं. नुसतं उभं राहायचं. पण ज्या आईच्या नावानं पाणी सोडायचं, तिला काय सांगू? तुझं तेल वापरलं आणि दुसरीच्या पोटावर पाय देऊन आलो?

"मैंने किया," मी म्हणालो.

आवाज फाटका निघाला, म्हणून परत म्हणालो. "मैंने किया. बुधवार को. इस औरत का कुछ नहीं."

जाफरनं कपाळावर हात मारला. बू जासिम हळूहळू वळला. "क्यों?"

मग मी सांगितलं. जमेल तसं, हिंदीत मालवणी घुसडून. बैल, झुंज, कोमट पाणी, खोबरेल. माझी आई म्हणायची की शिंगावर रक्त सुकलं तर जनावर जेवत नाही. मला वाटलं, या बिचाऱ्याचं कुणी केलंच नाही.

"तुम्हारी माँ कहाँ है?"

"मर गई. पिछले साल."

"अल्लाह यरहम्हा." देव तिच्यावर दया करो, असं म्हणून त्यानं काठीवरचा हात छातीवर नेला. "तुमने मिट्टी दी?"

"नहीं."

"क्यों नहीं गया?"

तो हे खरंच विचारत होता हो! आणि तिथे माझं डोकं फिरलं. अठरा वर्षं जी मान खाली घातली होती ती वर आली. "छुट्टी नहीं मिला. ये जो गोल कपाट है ना, ये पूरा करना था. कागज पर लाल लाइन मारा. आपने मारा."

जाफर मधे पडायला आला. म्हाताऱ्यानं काठी आडवी केली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मुझे याद नहीं."

खोटं नव्हतं ते. त्याला आठवतच नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीचा रविवार रांगेसकट आठवत होता आणि एका वर्षापूर्वीची स्वतःची रेघ आठवत नव्हती. ओरडला असता तर परवडलं असतं. हे मला फार लागलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला मी खिशात हात घातला, तर हाताला तोच तुकडा आला.

बू जासिमनं तो बघितला. त्यावरचा तपकिरी डाग बघितला. हात पुढे केला. "दो."

मी दिला नाही. "खून आपका है, बाबा. कपडा मेरी माँ का है."

आम्ही दोघं तसेच उभे. त्याचा हात पुढे, माझी मूठ बंद.   मग म्हातारा जवळ आला आणि माझ्या मुठीवर वाकून त्यानं वास घेतला. खोबरेलाचा वास अजून होता.

"उसकी माँ ने," तो अडखळत म्हणाला, "राफाएल की माँ ने बोला था, मुझे कमीज दो, मैं धोऊँगी. किसी ने नहीं दिया." मग जाफरकडे न बघताच त्याला म्हणाला, "ये आदमी कल जाएगा. औरत इधर रहेगी." आणि मला, अगदी हळू, "ये इधर छोड़ के जाओ. मैं माँगता है."

मागत होता. हुकूम असता तर मी मूठ उघडली नसती, विमान गेलं उडत. मी मूठ उघडली.

कोपऱ्यात एक लहान काचेची पेटी उरली होती, एका स्पॅनिश हातपंख्यासाठीची, माप चुकलं म्हणून बाजूला टाकलेली. मीच केलेली. ती पाचव्या बैलाखाली बसवली. चार स्क्रू मारले. तुकडा आत पसरला, डाग मधोमध आला आणि लाल काठ पुढे. सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. आई लुगडं वाळत घालताना करायची तशा. सुशांतनं पांढऱ्या कार्डावर पेननं राफाएलचं नाव इंग्रजीत लिहिलं आणि पेटीवर ठेवायला गेला.

"थांब," मी म्हणालो. "खाली मराठीत लिही. सीताबाई."

एरवी तो हजार प्रश्न विचारतो. त्या वेळी एकही विचारला नाही, लिहून टाकलं.

बू जासिमनं वाकून बघितलं. "ये क्या लिखा?"

"मेरी माँ का नाम."

"पढ़ो."

"सीताबाई."

"सित्ता बाई," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. मग कार्ड स्वतःच्या हातानं काचेवर ठेवलं आणि दाराशी ओढणीनं डोळे पुसत असलेल्या रहिमाला हाक मारली. "इसको कोई नहीं पोंछेगा," तो म्हणाला. "कभी नहीं."

रहिमानं मान हलवली.

जेवायला माझ्या ताटात तिनं मटणाचा मोठा तुकडा वाढला. श्राद्धापर्यंत मी ते खात नव्हतो, म्हणून सुशांतच्या ताटात सरकवला आणि नुसता भात जेवलो, पोटभर. बसमध्ये झोप लागली. खोलीवर आल्यावर बॅग खाटेखाली सरकवली, ती शनिवारी सकाळपर्यंत उघडून बघितली नाही.